कोरडे बूट

ज्या माणसानं सदतीस वर्षं मला दाराची कडी लावली का म्हणून दोन-दोनदा विचारलं, त्या माणसावर मागच्या पावसाळ्यात मी पाळत ठेवली. हो, पाळतच. गोड शब्द शोधत बसायचं माझं वय राहिलेलं नाही. नवरा दर मंगळवारी कुठं जातो ते मला कळायला हवं होतं, आणि मला सांगतो ते खोटं आहे याचा पुरावा माझ्या हातात होता. पुरावा कसा जमवायचा हे मला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं.

आमचे हे रेल्वेत इंजिनीयर होते. रूळ सांभाळणारे. आता लोकांना रेल्वे म्हटलं की रिझर्व्हेशन आठवतं. माझं माहेर गोरेगावचं, मुंबईचं नव्हे, आपल्या हिंगोलीजवळचं. तिथले अर्धे पाहुणे लग्नानंतर वीस वर्षं मला "जावयाला सांगून दोन शीटं पक्की कर" म्हणत आले. त्यांचा तिकिटाशी काही संबंध नाही, ते रुळाखालची खडी बघतात, असं मी सांगायचे. पाहुणे मान डोलवायचे आणि मागं म्हणायचे, बघा, कामापुरतं कसं खोटं बोलते.

त्यांच्या कामाचा सगळा जीव एका प्रश्नात होता. "बघितलं, का वाटलं?" गँगमन म्हणाला, साहेब, पुलाजवळची खडी ठीक आहे, की हे विचारणार, "बघितलं, का वाटलं?" तो घुटमळला की स्वतः उन्हातान्हात पुलापर्यंत चालत जाणार. नोकरीत हा प्रश्न चांगलाच होता, रुळावरून माणसं जातात. पण हा गडी तो प्रश्न घरी घेऊन यायचा. दूध नासलं म्हटलं तरी तेच, पोराला ताप आहे म्हटलं तरी तेच. कडी मी लावायची आणि हे उठून ओढून बघायचे. एक छोटा हातोडा कायम पिशवीत. त्यानं बोल्ट ठोकून आवाज ऐकायचे, आणि बाजारात बोटानं कलिंगडही तसंच ठोकायचे. कलिंगडवाला वैतागून म्हणायचा, "साहेब, घ्यायचं असलं तर घ्या, त्याला मारून काय राहिले?"

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट. माझे वडील म्हणाले, "पोरगी सैपाकात हुशार हाय." अठ्ठावीस वर्षांचा हा माणूस बशी खाली ठेवून म्हणतो, "तुम्ही बघितलंय, का तुम्हाला वाटतं?" आई आतून म्हणाली, "आता ह्याला खाऊ घालूनच सांगावं लागंल." जेवायला थांबवलं. वांग्याची भाजी माझ्या काकूनं केली होती, आणि तिच्या जोरावर मी पास झाले. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

आता बुटांची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तेव्हा आपल्याकडं छोटी लाइन होती, मीटर गेज. दहा-बारा जणांची एक गँग, आणि प्रत्येक गँगमध्ये एक चावीवाला. रूळ जागेवर धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात. गाडीच्या हादऱ्यानं त्या सैल होतात. चावीवाला रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपली सहा किलोमीटरची हद्द चालतो. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा, आणि सैल झालेली चावी ठोकत जायची. त्याच्या मागं कुणी बघायला नसतं, म्हणून विश्वासाच्या माणसालाच हे काम देतात. गँगमध्ये त्याला मान असतो.

एका पावसाळ्यात तीन दिवसांची झड लागलेली. पाऊस म्हणजे नुसता ओततोय. साहेब, म्हणजे आमचे हे, कुणाला न सांगता रुळावरच्या ट्रॉलीवरून निघाले. फाटकाच्या खोलीपाशी चावीवाला उभा, अंगावर पोत्याची खोळ. यांनी विचारलं, "हद्द चालून आला?" तो म्हणाला, "आलो साहेब." खोळ ओली होती, पण खोळ काय, पाच मिनिटं बाहेर उभं राहिलं तरी ओली होते. साहेबांनी खाली बघितलं. बूट कोरडे. ठणठणीत कोरडे! चिखलाचा शिंतोडाही नाही. "मग बूट कोरडे कसे?" यावर चावीवाला गप्प. साहेबांनी सगळ्या गँगसमोर त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला, रिपोर्ट लिहिला. त्याचा परत साधा गँगमन झाला आणि दूर कुठंतरी बदली झाली.

ही गोष्ट आमच्या घरात गाजलेली. लग्नामुंजीत, नव्या सोयऱ्यांसमोर, पोरांना अभ्यासाला बसवताना, "नजर पाहिजे नजर" म्हणून हे सांगायचे, आणि शेवटी "बूट कोरडे!" म्हणाले की सगळे टाळ्या द्यायचे. निरोप समारंभातही हीच गोष्ट झाली. मीही सांगायचे. खोटं कशाला बोलू, थोडी वाढवून सांगायचे. माझ्या सांगण्यात तो चावीवाला फाटकाच्या खोलीत घोरत पडलेला असायचा.

रिटायर झाल्यावर आम्ही हिंगोलीत घर बांधलं. यांनी आधी गवंड्याला रडवलं, मग गल्लीला. नालीचा उतार बरोबर नाही, शेजाऱ्याची टाकी तिरपी बसलीय, असं सगळं सुरू. मी म्हणायचे, "अहो, आता तुमची हद्द कंपाउंडपर्यंत." चार वर्षं अशी बरी गेली.

मग एका नोव्हेंबरात हे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. दरवर्षी पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे तिथं दाखवून यावं लागतं. सगळे जुने लोक भेटतात, म्हणून हे खुशीत जायचे. त्या दिवशी परत आले ते तोंड उतरवून. जेवले नाहीत. मी विचारलं, कुणी गेलं का? तर म्हणाले, "नाही, सगळे जिवंत आहेत."

तिथून माणूस बदलला. उन्हाळ्यात भाचीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, "काका, ती बुटाची गोष्ट होऊन जाऊ द्या." हे म्हणाले, "विसरलो मी." विसरले? ज्यांना कुठल्या पुलाखाली किती दगड आहेत ते आठवतं, ते ही गोष्ट विसरले? माझ्या डोक्यात तिथंच पाल चुकचुकली.

आषाढ लागला तसे यांचे मंगळवार सुरू झाले. सकाळी सातला पिशवी घेऊन निघायचे. "कुठं?" "लाइनीनं चालून येतो." "चालायला डबा कशाला?" "भूक लागते." आणि दोन भाकरी जास्त बांध म्हणायचे. अहो, पासष्टीचा माणूस, घरात दीड भाकरी खातो, याला लाइनीवर चार लागतात?

मी बोलले नाही. मी बघायला लागले.

पहिला पुरावा, डबा. घासून, पुसून, लखलखीत होऊन परत यायचा. उभ्या जन्मात ह्या माणसानं पेला विसळला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या मंगळवारनंतर तर डब्यात लिंबाचं लोणचं आलं. मी लिंबाच्या चार फोडी करते. ह्या आठ होत्या, बारीक, आणि त्यात लवंग. म्हटलं, "हे कुणाचं?" म्हणाले, "एकानं दिलं." एकानं! लोणच्यात लवंग घालणारा एक मला दाखवा. ती बाईच असणार, आणि सुगरण असणार, हे मला चव बघताच कळलं. लोणचं झकास होतं, आणि त्यानंच माझं डोकं जास्त फिरलं.

तिसरा पुरावा शर्टाच्या खिशात सापडला. एसटीचं तिकीट, हिंगोली ते आखाडा बाळापूर. म्हणजे लाइनीनं चालणं ही शुद्ध थाप होती. बाळापूर आहे नांदेडच्या रस्त्याला, आणि त्या गावात रूळच नाही.

सुनेला सांगितलं तर ती हसली. "आई, बाबांचं काय वय आहे का?" मी म्हटलं, "वयाचं मला सांगू नकोस. वय झालेल्या माणसाला वेळ भरपूर असतो." पण ती खोलीत गेल्यावर मला रडू आलं. राग होता तो वेगळा. पण ज्याच्या संशयी स्वभावाला मी आयुष्यभर सांभाळून घेतलं, त्यानं मला फसवावं, हे आत लागलं होतं. लागणारच की. एवढी वर्षं त्यांनी ओढून बघितलेल्या कडीच्या आत मी राहिले होते.

आणि मग तो सहावा मंगळवार. सकाळपासून झड. आमच्या भागातला चिखल ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. काळी माती पावलाला धरते ती ढेकूळ होऊन सोबतच येते. संध्याकाळी हे रिक्षानं दारात उतरले. छत्री ओली, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मी खाली बघितलं. बूट कोरडे. टाचेलाही काळं लागलेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि अगदी त्यांच्याच आवाजात विचारलं, "लाइनीनं चालून आलात?"

"हो."

"मग बूट कोरडे कसे?"

माझ्या देवा, काय तोंड झालं त्यांचं! पांढरं फटक. भिंतीला हात लावून खाली बसले. माझ्याकडं बघत राहिले, आणि एक शब्द बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, सापडला. त्यांच्या गोष्टीत तो चावीवालाही असाच गप्प बसला होता. हे नेहमी म्हणायचे, खरा माणूस गप्प बसत नाही. मी पाणीही विचारलं नाही. तशीच आत गेले आणि पुढच्या मंगळवारची तयारी केली.

सातव्या मंगळवारी हे सातच्या गाडीनं गेले. मी सुनेला म्हटलं, गोरेगावला जाऊन येते, आणि उलट्या दिशेची जीप पकडली. कळमनुरीला उतरून पुढं एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, एवढंच काय ते समाधान. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "कुणाकडं चालल्या?" मी म्हटलं, "सवतीकडं." ती बिचारी खिडकीकडं सरकली.

बाळापूरच्या स्टँडवर उतरले. एका किराणावाल्याला विचारलं, "पांढरे केस, काळी छत्री, हातात डब्याची पिशवी, असे एक जण मंगळवारी येतात का?"

"रेल्वेसाहेब व्हय? येतेत की. मागल्या गल्लीत, पिंपळाच्या पलीकडं, पत्र्याचं घर." मग मला वरखाली बघून म्हणाला, "तुमी कोन त्यांच्या?"

"तेच बघायला आले," म्हटलं.

रात्री पडून गेलेल्या पावसानं गल्ली म्हणजे नुसता गारा झालेला. चपला चिखलात फसायला लागल्या. चार पावलांत एकीचा अंगठा तुटला. शेवटी दोन्ही काढून हातात घेतल्या आणि साडी वर खोचून अनवाणी निघाले. आजूबाजूची माणसंही तशीच चालली होती, कुणाच्या हातात चप्पल, कुणाच्या पिशवीत.

पिंपळ ओलांडला आणि मला ते दिसले. पत्र्याच्या घराच्या ओट्यावर, उंबऱ्याच्या बाहेर बसलेले. पाय उघडे, पोटरीपर्यंत चिखल. डबा शेजारी. दार अर्धं लोटलेलं. तेवढ्यात आतून एक बाई आली, पस्तीस-छत्तीसची, डोक्यावर ओढणी, आणि तिनं यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. हे मान खाली घालून "बाई, राहू द्या" म्हणाले. झालं! माझा पारा चढला.

"व्वा!" मी गल्लीतूनच ओरडले. "लाइन बरी सापडली की तुमाला!"

हे उठून उभे राहिले. सातवीतलं पोरगं कॉपी करताना सापडावं तसे. ती बाई मात्र घाबरली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुमी ह्यांच्या घरच्या का? बरं झालं आल्या. न्या बाई ह्यांना. सात मंगळवार झाले. येतात, इथं बसतात, म्हणतात, चाचांना म्हणावं दोन मिनिटं बोला. अब्बा बोलत न्हाईत. आन् हे जात न्हाईत. लोक विचारून राहिले आमाला, काय भानगड हाय."

"अब्बा कोण?"

"माझे सासरे. रेल्वेत व्हते, गँगमध्ये."

"आणि डबा?"

"ते देतात भाकरी, लेकरं खातात. खाल्लेला डबा रिकामा कसा द्यावा? म्हणून लोणचं घातलं. काहून, खराब व्हतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. एवढं म्हणताना माझा आवाज निम्मा झाला होता. "लवंग घालतेस का त्यात?"

तेवढ्यात अर्धं दार पूर्ण उघडलं. आत खाटेवर एक म्हातारा माणूस बसला होता. उंच, वाळलेला, पांढरी दाढी. त्याच्या मागं पन्नाशीचा मुलगा शिलाई मशीनवर, पाय थांबवून आमच्याकडं बघत. आणि आतल्या फळीवर, कुराणाच्या फळीच्या बऱ्याच खाली, एका स्वच्छ फडक्यावर ठेवलेले आमच्या साहेबांचे बूट.

मला काही कळेना. माणूस उंबऱ्याबाहेर आणि बूट घरात?

म्हातारा मला म्हणाला, "बाई, तुमी काहून आल्या? साहेबानं बोलावलं? कागदावर सही पाहिजे का माझी? मी सही देत नसतो. पेन्शनीचं काय असंल ते हापिसात बोला म्हणावं."

मी खरं तेच सांगितलं. "चाचा, सहीचं मला काही माहीत नाही. मला वाटलं हे कुण्या बाईकडं येतात. मागच्या मंगळवारी एवढी झड होती आणि ह्यांचे बूट कोरडे होते. म्हणून माग काढत आले."

म्हातारा हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. सुनेनं पाठ चोळली तेव्हा थांबला.

"साहेब," तो म्हणाला, "तुमच्याबी घरात कोरडे बूट निघाले व्हय?"

तेव्हा मला उमगलं. हाच तो. माझ्या गोष्टीतला, फाटकाच्या खोलीत घोरत पडलेला.

पुढचं त्यानं मला सांगितलं, साहेबांकडं न बघता. "बाई, पाऊस पडला की रुळाखालचा पोलादी स्लीपर कसा गुळगुळीत व्हतो, ठाव हाय? बूट घालून चाललं की माणूस सटकतो. खाली पुलाचा नाला. आमी सगळे पावसात बूट काढायचो, दोऱ्या बांधून गळ्यात टाकायचो, खोळीच्या आत. अनवाणी चालायचो. फाटक आलं की पाय पुसून बूट घालायचो. काहून, तर डुटीवर बूट नसंल तर साहेब मेमो देतो. आता सांगा, साहेबानं विचारलं बूट कोरडे कसे, तवा मी काय सांगू? चाललो, पर अनवाणी? तरी मेमो. सगळ्या गँगला मेमो. मी गप बसलो."

"गँगमधल्या कुणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"कोन सांगंल? समद्यांचे बूट गळ्यातच व्हते की."

तीच गोष्ट, हे मला नंतर कळलं, नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत एका जुन्या ट्रॉलीवाल्यानं सहज, हसत हसत यांना सांगितली होती. त्या काळी आम्ही पावसात बूट गळ्यात घालून चालायचो, साहेब, तुम्हाला कळूच द्यायचो नाही. त्याला वाटलं साहेब हसतील. हे जेवले नाहीत ते त्या दिवशी. मग सहा-सात महिने विचारत, शोधत बाळापूर सापडलं होतं.

म्हातारा थांबला आणि पुन्हा बोलला, तेव्हा हसू कुठल्या कुठं गेलं होतं. "हातोडा घेतला त्याचं काही न्हाई. गँगमनची नोकरी केली, पोट भरलं. पर ह्या पोराला शाळेत 'कोरडा बूट' म्हनायचे. त्यानं साळा सोडली. ह्याची माय, अल्ला तिला जन्नत देवो, तिनंबी एकदा विचारलं मला, खरं सांगा, तुमी त्या दिवशी चालले व्हते का? मेली तवर मला ठाव न्हाई तिला काय वाटत व्हतं."

मुलगा मशीनवरून म्हणाला, "अब्बा, जाऊ द्या."

"काहून जाऊ दे? पहिल्याच मंगळवारी साहेब आला, मी सुनेला म्हनलं, बूट आत घे, भिजायचे न्हाईत. साहेबाचे बूट कोरडे राहिले पाहिजेत. त्यो बसू दे भायेर. आला झडीतबी. गल्लीतून अनवाणीच आला, बूट पिशवीत घालून. जाताना स्टँडवर पाय धुतले, बूट चढवले, बसला गाडीत." मग पहिल्यांदा तो यांच्याकडं वळला. "साहेब, तुमी जिंदगीभर आमाला एकच गोष्ट विचारली. आज मी इचारतो. त्या दिवशी तुमी बघितलं व्हतं, का वाटलं व्हतं?"

मी यांच्याकडं बघितलं. मला भीती वाटली, खरंच. सदतीस वर्षं मी या माणसाला ओळखते. चूक कबूल करायची वेळ आली की हे नियम सांगतात. आताही म्हणतील, नियमाप्रमाणे बूट पायात हवे होते. म्हटलं, आज हे असं काही बोलले तर मी एकटीच हिंगोलीला जाईन.

हे हळूच म्हणाले, "वाटलं होतं."

"चाव्या बघितल्या व्हत्या?"

"नाही."

"सहा किलोमीटर लाइन व्हती समोर. एकबी चावी ठोकून बघितली?"

"नाही. पाऊस फार होता. मी तिथूनच परत फिरलो."

इतकी वर्षं, इतक्या लग्नांत सांगितलेली गोष्ट, आणि त्यात एवढंच सांगायचं राहिलं होतं. ज्या माणसानं माझी प्रत्येक कडी ओढून बघितली, त्यानं त्या दिवशी एक चावी ओढून बघितली नव्हती.

म्हातारा म्हणाला, "अइसं हळू न्हाई. हातोडा घेतला तवा कसा आवाज व्हता तुमचा? तसं बोला. गल्लीला ऐकू जाऊ द्या."

हे ओट्याच्या कडेला आले. पिंपळाखाली दोन-चार माणसं, समोरच्या घराच्या दारात बाया. यांनी आवाज चढवला, तसा मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. "मी बघितलं नव्हतं! मला वाटलं होतं! हा माणूस त्या दिवशी पूर्ण हद्द चालला होता, अनवाणी. खोटा रिपोर्ट माझा होता!"

समोरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मुलगा मशीनवरून उठून दारात आला. मला वाटलं, आता तो तरी यांचा हात धरील. त्यानं यांच्याकडं कागदाचा तपास करणाऱ्या कारकुनासारखं बघितलं आणि विचारलं, "आज काहून? इतक्या वर्षांनी? तुमचं काय काम हाय आमच्याकडं?"

"काही नाही."

"मग तोंडी नको. लिहून द्या."

जन्मभर यांनीही गँगला हेच ऐकवलं होतं, तोंडी चालत नाही म्हणून. हे म्हणाले, "बरोबर आहे." पिशवीतून पेन काढलं. सुनेनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून दिलं. ओट्यावर गुडघे टेकून यांनी लिहिलं. चार ओळी लिहायला बराच वेळ लागला. खाली सही, हुद्दा, पुढं 'निवृत्त'. मुलानं कागद घेतला, दोनदा वाचला, उजेडाला धरून सहीसुद्धा बघितली. मग तो वळला आणि बापासमोर उभं राहून मोठ्यानं वाचायला लागला. शाळा सोडलेल्या माणसाचं वाचन, एकेक अक्षर लावत. 'पूर्ण हद्द चालला होता' इथं आल्यावर त्याला पुढचं वाचता येईना.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. कागद मागतोय असं वाटलं, पण त्यानं लेकाचं मनगट धरलं. गल्लीत पावसाची भुरभुर पुन्हा सुरू झाली होती.

मग म्हातारा सुनेला म्हणाला, "बेटा, साहेबाला आत घे. बाईलाबी घे. चहा टाक." ती वळली तसं त्यानं फळीकडं बोट केलं. "आन् ते बूट ठेव भायेर."

आम्ही आत बसलो, चांगले दोन तास. हे उंबऱ्याच्या आत, म्हाताऱ्याच्या खाटेवर. बूट ओट्यावर, जोर धरलेल्या पावसात. जाताना यांनी त्यातलं पाणी ओतून दिलं आणि तसेच पायात घातले. हिंगोलीला आमच्या घरात शिरताना ते बूट पचपच वाजत होते. मी सकाळीच फरशी पुसलेली होती. तिच्यावर दारापासून खुर्चीपर्यंत काळे ओले ठसे उमटत गेले. सून फडकं घेऊन आली, तिला मी म्हटलं, राहू दे आजचा दिवस.